घरात तीन वयाचे तिघं आणि तिघांचाही प्रश्न एकच: करिअरचं आता काय करायचं?

आडवळण

नमस्कार मंडळी, वाचते बरेच दिवस पण लिहितेय पहिल्यांदाच, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं वय ४३. १९ वर्षं हिशेबाच्या कामात आहे, ज्युनियर म्हणून लागले होते, आता हाताखाली सहा जण आहेत. काम येतं, पगार वेळेवर होतो, कुणाचा जाच नाही. तरी गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ झाली की उद्या परत जायचंय या विचाराने छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. मग रात्री जागून शोधत बसते की माझी खरी आवड काय होती, आणि उत्तर काही येत नाही. चित्रकला? शिकवणं? झाडं? सगळंच थोडं थोडं आवडायचं.

त्यात मुलगी १७ ची, शाळेचं शेवटचं वर्ष, सहा महिन्यांत तिला ठरवायचंय. तिचं म्हणणं, आई असं काहीतरी सांग की एकदा निवडलं की परत आयुष्यभर विचार करायला नको. ऑनलाइन तीन टेस्ट दिल्या तिने, एकीत आर्किटेक्ट आलं, दुसरीत नर्स, तिसरीत मार्केटिंग. आता ती आधीपेक्षा जास्त गोंधळलीय.

आणि माझा दादा, वय ५८, यंत्रांच्या मेंटेनन्समध्ये अख्खं आयुष्य गेलं, दोन वर्षांत रिटायर होईल. रोज जॉब पोर्टल उघडतो, वयाची अट वाचतो आणि बंद करतो. मला कोण ठेवून घेणार आता, हे एकच वाक्य.

दोघांनाही मीच धीर देते आणि मला स्वतःलाच काही सुचत नाहीये. १९ वर्षं पाण्यात घालवून नव्याने सुरुवात करायची का? मुलीला काय सांगू? दादाला काय सांगू? कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रातलं असेल तर मनापासून लिहा प्लीज.

वाटाड्या

ताई, मी २२ वर्षं करिअर काउन्सेलिंग करतोय, शाळेतली मुलं पण येतात आणि नातवंडं झालेले पण येतात. तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि एक गोष्ट लगेच जाणवली ती आधी सांगतो. तुमच्या घरात तिघंही दुसऱ्याच्या वयाचा प्रश्न घेऊन बसलेत. मुलगी १७ व्या वर्षी विचारतेय कायमचं, सुरक्षित काय. तुम्ही ४३ व्या वर्षी विचारताय माझी आवड काय, आणि हा तर तिचा प्रश्न आहे! आणि दादा दोन वर्षांत रिटायर होणार तरी नोकरीला पहिल्यांदा लागणाऱ्या पोराच्या रांगेत उभे राहून कोण घेणार मला विचारताहेत. म्हणून उत्तर सापडत नाहीये कुणालाच.

थोडं मागचं सांगतो कारण त्याने गाठ सुटते. आपण आज ज्याला करिअर गायडन्स म्हणतो त्याची सुरुवात धरतात ती १९०८ साली, अमेरिकेत बोस्टनला फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने तरुणांना कामधंदा निवडायला मदत करायला एक ब्यूरो काढला तिथून. त्याची पद्धत साधी, स्वतःला नीट ओळखा, कामांची नीट माहिती काढा आणि दोन्हीचा विचारपूर्वक मेळ घाला. चांगलीच पद्धत आहे, मी अजून वापरतो, पण ती उभी आहे एकदाच करायच्या निवडीवर. पुढे १९५० च्या दशकात डोनाल्ड सुपर नावाचा मानसशास्त्रज्ञ म्हणाला की करिअर एका दिवशी निवडून संपत नाही, ते आयुष्यभर वाढत जातं. त्याने टप्पे केले, साधारण १४ पर्यंत वाढीचा, १५ ते २४ चाचपडून बघण्याचा, २५ ते ४४ पाय रोवण्याचा, ४५ ते ६४ उभं केलेलं टिकवण्याचा, आणि मग हळूहळू हात सैल करण्याचा. वयं तंतोतंत धरू नका, पुढे त्यानेच सांगितलं की बदल आला की माणूस हेच टप्पे छोट्या फेरीत परत परत पार करतो, वय काही असो. म्हणजे तुम्ही ४३ ला परत चाचपडताय यात बिघडलेलं काहीच नाही. फक्त १७ चं चाचपडणं कोऱ्या पाटीवर असतं आणि तुमच्या पाटीवर १९ वर्षांचं लिहिलेलं आहे, ते पुसायचं नाही, वाचायचं आहे.

आता मुलीच्या टेस्टबद्दल. बऱ्याच आवडीच्या टेस्ट जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ पासून मांडलेल्या सहा प्रकारांवर आधारलेल्या असतात. हाताने, अवजारांनी, यंत्रांशी काम करणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढा असलेले, माणसांना मदत करणारे किंवा शिकवणारे, पुढाकार घेऊन लोकांना पटवणारे, आणि नोंदी-आकडे नीटनेटके ठेवणारे. माणूस एकाच प्रकारात कधी बसत नाही, बहुतेकदा दोन-तीन प्रकारांचं मिश्रण असतं. म्हणून टेस्टमध्ये आलेलं नोकरीचं नाव सोडून द्या, त्याखाली कुठले दोन-तीन प्रकार वर आलेत ते बघा. तिन्ही टेस्टमध्ये एखादा प्रकार परत परत आला असेल तर तो धागा पकडा. आर्किटेक्ट आणि नर्स वरवर लांबची वाटतात पण दोन्हीत निरीक्षण करून प्रश्न सोडवणं भरपूर आहे. आणि आवडीची टेस्ट फक्त आवड सांगते हं, जमेल की नाही हे ती मोजतच नाही, हे मुलांना कुणी सांगत नाही आणि मग ती टेस्टच्या निकालाला भविष्य समजतात.

तिला टेस्ट आणखी देऊ नका. त्याऐवजी ते काम रोज करणारी तीन-चार माणसं गाठा आणि तिलाच बोलू द्या. "तुमचं काम कसं आहे" असं विचारलं तर सगळे चांगलंच सांगतात, म्हणून विचारायचं की गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत. दिवसातला कंटाळवाणा भाग कोणता, आणि तो तिला झेपेल का. बघा, झगमगता भाग सगळ्यांनाच आवडतो, माणूस टिकतो तो कंटाळवाणा भाग सहन होतो म्हणून. कोर्स निवडताना दोन पर्याय सारखेच आवडत असतील तर ज्यातून पुढे जास्त दारं उघडी राहतात तो घ्या. एवढं १७ ला पुरतं, खरंच.

निळी_शाई

वाटाड्यांचं पटलं, मी ताईंच्या वयाबद्दल लिहितो कारण मी ४१ ला हीच चूक केलीय. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, १६ वर्षं, अगदी तुमच्यासारखंच व्हायचं संध्याकाळी, आणि मी पण बसून आवड शोधली आणि मला सापडली, शिकवणं! राजीनामा दिला, शिक्षक व्हायचं प्रशिक्षण घेतलं, एका शाळेत लागलो आणि आठ महिन्यांत पार पिचून गेलो. मुलं गोड होती पण मला जे आवडायचं ते एका माणसाला शेजारी बसवून एखादी अवघड गोष्ट उलगडून सांगणं, आणि शाळेत काम होतं ते ४० जणांना एकावेळी शांत ठेवणं, वह्या, अहवाल, पालक. मी शिकवणं या शब्दाच्या प्रेमात होतो, त्या कामाचा दिवस मी बघितलेलाच नव्हता. राजीनाम्याआधी चार शनिवार कुठे जाऊन शिकवलं असतं तरी कळलं असतं. दोन वर्षांची बचत गेली त्यात, घरच्यांनी बोलून नाही दाखवलं कधी पण मला माहितीय त्यांना काय सोसावं लागलं.

मग परत त्याच क्षेत्रात आलो पण आता नवीन लागलेल्यांना तयार करायचं काम करतो, एका वेळी दोघं-तिघं. पाच वर्षं झाली, सुट्टीची संध्याकाळ आता सुट्टीसारखी वाटते.

म्हणून एक करा, राजीनाम्याचा विचार तीन आठवडे बाजूला ठेवा आणि रोज रात्री पाच मिनिटं वहीत लिहा, आज कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कुठल्या कामाने जीव नकोसा झाला. आवड वगैरे मोठे शब्द नकोत, मीटिंग, फोन, चुका शोधणं, कुणाला समजावणं, महिनाअखेरची धावपळ, असं बारीक लिहा. कामाचं नाव एकच असलं तरी आत वीस कामं असतात आणि त्यातली चारच नासलेली असतात बहुतेकदा. कधी ती चार बदलून किंवा कमी करून भागतं, याला जॉब क्राफ्टिंग म्हणतात, २००१ मध्ये एमी व्रेस्निएव्स्की आणि जेन डटन या दोन संशोधकांनी हे मांडलं. त्यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांकडे बघितलं, तेच काम पण काही जण स्वतःहून पेशंटची, नातेवाईकांची विचारपूस करायचे, त्यांना आपण बरं करणाऱ्यांपैकीच एक आहोत असं वाटायचं आणि बाकीच्यांना ते काम नुसतं लादी पुसणं वाटायचं. आणि वहीत वीसच्या वीस कामं नासलेली निघाली तर मग बदला, पण तेव्हा तुम्हाला माहीत असेल की कशापासून लांब जायचंय आणि सोबत काय न्यायचंय.

हिशेबी

थोडं वेगळं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. आवड, टप्पे, वही हे सगळं ठीक आहे पण घरातला पैसा कोण आणतो हा प्रश्न कुणी विचारलाच नाही अजून. माझ्या घरी मी एकटा कमावता होतो, मला कुणी सांगितलं असतं "करून बघा" तर मी कुठल्या वेळात करून बघणार होतो? ताई, वही लिहायच्या आधी एक आकडा काढा, उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल. माझा आला होता दोन. तुमचा दोन असेल तर बदल नोकरीत राहूनच करायचा, आठवड्याला चार तास काढून, हळू. बारा-पंधरा असेल तर वेगळं धाडस परवडतं. हा आकडा माहीत नसताना घेतलेला निर्णय भीतीने घेतलेला असतो किंवा भाबडेपणाने.

आणि १९ वर्षं पाण्यात, हे वाक्य काढून टाका डोक्यातून. गेलेली वर्षं दोन्ही बाजूंनी फसवतात, इतकी वर्षं दिली म्हणून सोडता येत नाही असंही वाटतं आणि सोडलं तर ती फुकट गेली असंही. यावर १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय, नाटकाच्या सीझन तिकिटाला ज्यांनी पूर्ण पैसे मोजले ते सवलतीत घेणाऱ्यांपेक्षा सुरुवातीच्या काही महिन्यांत जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, पण पैसे जास्त गेलेत म्हणून जायचं. १९ वर्षं गेली ती गेलीच, ती परत येत नाहीत, राहिलात तरी आणि सोडलंत तरी. बघायचं ते पुढची २० वर्षं.

वाटाड्या

हिशेबी, बरं झालं लिहिलंत, हे मी आधीच लिहायला हवं होतं. माझ्याकडे येणाऱ्या मधल्या वयाच्या लोकांना मी पण पहिल्या भेटीतच हा महिन्यांचा आकडा काढायला लावतो. फक्त एक भर घालतो, आकडा दोन आला म्हणून कुणी दार बंद झालं असं समजू नये, करून बघणं म्हणजे नोकरी सोडणंच असं नाही, आहे त्याच ऑफिसात एखादं दुसऱ्या विभागाचं काम दोन महिने मागून घेणं हे पण करून बघणंच आहे.

परतफेरी

मी नऊ वर्षं घरी होते, मुलं लहान मग सासूबाईंचं आजारपण, ३९ ला परत कामाला लागले, म्हणून दादांचं "मला कोण घेणार" वाचून गलबललं. मी पण तेच म्हणायचे, रोज. १०० च्या वर अर्ज टाकले पोर्टलवर, तीन ठिकाणांहून उत्तर आलं आणि तिन्हीकडे नऊ वर्षं काय केलं यावर गाडी अडली.

काम मिळालं ते कुणाकडून तर जुन्या ऑफिसात दोन टेबलं सोडून बसणाऱ्या एका बाईंकडून, ज्यांच्याशी मी तेव्हा पण फार बोलायचे नाही आणि नंतरच्या नऊ वर्षांत एकदाही बोलले नव्हते! मला तेव्हा वाटलं नशीब. नंतर वाचलं की हे असंच होतं बऱ्याचदा. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा १९७३ चा अभ्यास आहे, नोकरी बदललेल्या आणि ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस तेव्हा तुम्हाला कितीदा भेटायचा. नेहमी भेटणारा असं सांगणारे होते साधारण १७ टक्के, अधूनमधून ५६ टक्के आणि अगदी क्वचित २८ टक्के. कारण असं की जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच, नवीन बातमी लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांच्या माहितीवरून परत हे तपासलं गेलं तेव्हाही थोड्या लांबच्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या, अगदीच अनोळखी पण नाही आणि घट्ट मैत्रीतल्या पण नाही.

तर दादांना म्हणावं पोर्टल बंद करा आणि पूर्वी सोबत काम केलेली, सोडून गेलेली, माल पुरवणारी, दुरुस्तीला येणारी अशी २० माणसं लिहून काढा. फोन करून नोकरी द्या म्हणायचं नाही, समोरचा अवघडतो. म्हणायचं की मी दोन वर्षांत मोकळा होतोय, तुमच्याकडे यंत्रांचं काय चाललंय ते ऐकायचंय. मला पहिला फोन करायला चार दिवस लागले होते, हात थरथरत होता अक्षरशः. सातव्या फोनला काम सापडलं.

आणि गॅपबद्दल, कुणाला लागू पडत असेल तर, मी शेवटी सरळ एक वाक्य लिहिलं बायोडेटात, "कुटुंबातील आजारपण व मुलांची जबाबदारी, आता पूर्ण वेळ उपलब्ध", आणि त्याखाली लगेच त्या वर्षी केलेला एक कोर्स आणि एक छोटं काम. लपवलं की ते शोधतात, सांगितलं की पुढच्या प्रश्नाला जातात.

सांजसकाळ

मी ६६. बॉयलरवर काम केलं ३५ वर्षं. फक्त ताईंच्या दादांसाठी लिहितो.

रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने मी घरात भुतासारखा फिरलो. पैशाची तशी ओढ नव्हती. पण सकाळी कुणाला माझी गरज नाही हे सहन होत नव्हतं, आणि हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. नोकरी गेली की पगार जातो हे सगळ्यांना कळतं पण त्याबरोबर दिवसाचा आकार जातो, भांडायला चार माणसं असतात ती जातात, आणि "विचारा त्यांना, त्यांना माहितीय" म्हणणारा आवाज जातो.

दादांना म्हणावं आत्तापासून एक कागद खिशात ठेवा. ज्या ज्या वेळी कुणी अडल्यावर तुम्हाला हाक मारतो ती वेळ लिहा, काय अडलं होतं आणि तुम्ही काय केलंत. मी हे फार उशिरा केलं. मला वाटायचं मला बॉयलर चालवता येतो, बस. लिहायला बसलो तेव्हा कळलं की लोक मला बोलवायचे ते आवाजावरून बिघाड ओळखायला आणि नव्या पोरांना घाबरू न देता शिकवायला. पुस्तकात नसतं हे. जी माणसं ३० वर्षं यंत्राशेजारी उभी राहिली त्यांच्या कानात असतं आणि ती गेली की कारखान्यातून कायमचं जातं. माझ्या त्या कागदावरच मला काम मिळालं, आठवड्याचे तीन दिवस, शिकाऊ मुलांना तयार करायचं. दोन वर्षांनी दोन दिवस केले, आता एक. एकदम ब्रेक न लावता गिअर उतरवत आलो.

आणि हे बोलणं नोकरीत असतानाच करायला सांगा. गेटवरचा पास जमा झाल्यावर तीच माणसं ओळख दाखवतात पण निर्णय घेत नाहीत. दोन वर्षं आहेत त्यांच्याकडे, माझ्याकडे दोन आठवडे होते.

रांगेत उभं राहून तिशीतल्या पोरांशी पूर्ण वेळच्या नोकरीसाठी स्पर्धा करायची गरजच नाहीये त्यांना. गुडघे काय म्हणतात तेही बघावं, शिफ्ट आणि शिड्या चढणं आता नको, हे स्पष्ट सांगून काम मागावं. लाज नाही त्यात.

आडवळण

एक महिना होत आला, म्हटलं सगळ्यांना कळवावं. तुम्ही लोकांनी इतकं जीव लावून लिहिलंत की मी त्या रात्री ते सगळं दादाला फोनवर वाचून दाखवलं, सांजसकाळ काकांचं वाचताना तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला परत वाच.

त्याने कागद ठेवलाय खिशात. तीन आठवड्यांत १४ नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ वेळा त्याला दुसऱ्या विभागातून बोलावलं होतं, म्हणजे त्याच्या कामात मोडतच नाही ते. काल त्याने त्याच्या साहेबांशी पहिल्यांदा विषय काढला, रिटायर झाल्यावर नव्या मुलांना शिकवण्याबद्दल. ते म्हणाले लिहून द्या. आता तो मला रोज फोन करून विचारतो की कसं लिहू.

हिशेबी, माझा आकडा सात आला. ना इकडे ना तिकडे, पण कळल्यावर झोप लागली त्या रात्री. आणि निळी_शाई, वही लिहिली २१ दिवस. मला वाटत होतं आकड्यांचाच कंटाळा आलाय. पण नाही, आकड्यांशी एकटी बसले की मी अजूनही रमते! नासलेलं काम एकच निघालं जवळजवळ रोज, सहा जणांच्या रजा, रुसवेफुगवे, कुणाचं काम कुणी करायचं यात मध्ये पडणं. बढती म्हणून जे मिळालं होतं तेच. हे वाचून मी हबकले, कारण मी १९ वर्षांचं काम टाकायला निघाले होते आणि खरं तर शेवटची चार वर्षंच टोचत होती. ऑफिसात ऑडिटच्या बाजूला एक जागा आहे, हाताखाली कुणी नाही, पगार थोडा कमी. मागायची की नाही अजून ठरलं नाहीये, नवऱ्याशी बोलणं चालू आहे. कमी पदावर गेली असं लोक म्हणतील हे मनात येतंच, खोटं कशाला बोलू.

मुलगी दोघांशी बोलली, एक आर्किटेक्ट आणि एक मार्केटिंगमधले. मंगळवारचा प्रश्न फार कामाला आला, आर्किटेक्ट ताईंनी सांगितलं की त्या मंगळवारी दिवसभर त्या परवानग्यांच्या कागदांमागे होत्या आणि चित्र काढलं ते फक्त ४० मिनिटं. ही घरी येऊन म्हणाली, मला चालेल तसं पण. मार्केटिंग तिने स्वतःच खोडलं. नर्सिंगमधलं मात्र ओळखीचं कुणी नाहीये आमच्या. इथे कुणी नर्स असेल, किंवा कुणाच्या लांबच्या ओळखीत का होईना, तर अर्धा तास बोलाल का तिच्याशी? रात्रपाळीबद्दल तिला विचारायचंय, प्रश्न तिने लिहून ठेवलेत, मी शेजारी बसणार नाही.